हायडेलबर्ग जाळलं ते तिच्या नावाने

प्रश्न थोडक्यात असा आहे. जर्मनीत शिकणारी एक विद्यार्थिनी सुट्टीच्या दिवशी हायडेलबर्गचा किल्ला बघायला गेली. तिथल्या वाटाड्याने सांगितलं, की इथल्या एका राजकन्येच्या लग्नापायी फ्रेंचांनी हा किल्ला सुरुंग लावून उडवला. आणि पुढचा अर्धा तास तो त्या राजकन्येबद्दल ‘आमची लिझेलोट’ असं घरच्या मुलीसारखं बोलत राहिला. विद्यार्थिनीला पडलेला प्रश्न रास्त आहे: जिच्या लग्नापायी गाव बेचिराख झालं, तिचं नाव तीनशे वर्षांनीही लोक एवढ्या मायेने कसं घेतात? आणि तिने साठ हजार पत्रं लिहिली म्हणतात, ते खरं का?

मी २८ वर्षं जर्मन शिकवते. त्यातला बराच काळ जुन्या जर्मन पत्रांच्या वाचनात आणि भाषांतरात गेला आहे, आणि या बाईच्या पत्रांपाशी मी पुन्हा पुन्हा परत येते. त्यामुळे उत्तर लांबणार. आधी थेट सांगते: वाटाड्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. किल्ला पडला तो लग्नाचं निमित्त करून. आणि लोकांच्या मायेचं कारण तिच्या पत्रांत आहे.

तिचं पूर्ण नाव एलिझाबेथ शार्लोट. घरात त्याचं झालं लिझेलोट. जन्म २७ मे १६५२, हायडेलबर्गचाच. वडील कार्ल लुडविग हे फाल्त्स या ऱ्हाइनकाठच्या जर्मन राज्याचे इलेक्टर, म्हणजे सम्राटाच्या निवडणुकीत मत असलेल्या मोजक्या राजांपैकी एक. १६१८ ते १६४८ अशा तीस वर्षांच्या युद्धाने फाल्त्स ओसाड पडला होता. कार्ल लुडविगने परत येऊन माणसं वसवली, बंद पडलेलं विद्यापीठ लिझेलोटच्या जन्माच्या वर्षीच पुन्हा उघडलं, आणि १६७३ मध्ये तर स्पिनोझाला तिथे तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी देऊ केली. (ती त्याने नम्रपणे नाकारली. याच विद्यापीठात तीनशे वर्षांनी गुंथर सोन्थायमर खंडोबा आणि धनगरांच्या ओव्यांवर शिकवत होते. मराठी माणसाला हायडेलबर्ग अगदीच परकं नाही ते त्यांच्यामुळे.)

राज्य नीट चाललं होतं, घर मात्र विस्कटलेलं. नवराबायकोचं पटेना, तेव्हा कार्ल लुडविगने बायकोच्या दिमतीतल्या लुइझे फॉन डेगेनफेल्डशी १६५८ मध्ये दुसरं लग्न लावलं. पहिली बायको किल्ला सोडून जाईना. एका छपराखाली दोन बायका आणि रोजची भांडणं. सात वर्षांच्या लिझेलोटला त्यातून बाहेर काढून हानोव्हरला आत्याकडे पाठवलं. आत्याचं नाव झोफी, आणि ते लक्षात ठेवा, कारण या बाईच्या आयुष्यात जर कुठे माहेर असेल, तर ते ही आत्या. चार वर्षं तिथे राहून मुलगी हायडेलबर्गला परतली. सावत्र आईला एकूण तेरा मुलं झाली, आणि या सावत्र भावंडांशी, विशेषतः लुइझे आणि आमालिए या दोन बहिणींशी, लिझेलोटचं नातं शेवटपर्यंत टिकलं. घरातल्या भांडणाचा राग तिने पोरांवर काढला नाही.

बालपणाबद्दल तिने म्हातारपणी लिहिलंय त्यातली एक ओळ मला पाठ आहे. किल्ल्यालगतच्या डोंगरावर पहाटे पाच वाजता हातात पावाचा चांगला मोठा तुकडा घेऊन आपण किती वेळा चेरी खाल्ल्या असतील, आणि तेव्हा आपण आतापेक्षा किती आनंदी होतो, असं ती लिहिते. ही बाई त्या वेळी फ्रान्समधली अत्यंत मानाची स्त्री होती.

लग्न झालं १६७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. जुळवलं चुलतीने: कार्ल लुडविगच्या दिवंगत भावाची बायको, आना गोन्झागा, पॅरिसमध्ये वजन राखून होती. नवरा म्हणजे चौदाव्या लुईचा धाकटा भाऊ फिलिप, ऑर्लेआंचा ड्यूक. दरबारात त्याला नुसतं ‘मस्यू’ म्हणत आणि त्याच्या बायकोला ‘मादाम’. फिलिप एकतीस वर्षांचा, आदल्याच वर्षी विधुर झालेला. त्याची पहिली बायको हेन्रिएटा ही लिझेलोटच्या वडिलांची मामेबहीण. तिला विष घातलं अशी कुजबुज पॅरिसभर होती आणि लिझेलोटचा तर त्यावर पक्का विश्वास बसला.

वडिलांचा हिशेब सोपा होता. फाल्त्स फ्रान्सच्या वाटेवर आहे. मुलगी फ्रेंच राजाच्या घरात दिली तर राज्याला धक्का लागणार नाही. अट एकच, मुलीने कॅथलिक व्हायचं. मेस शहरात लग्नाच्या ऐन तोंडावर तिचं धर्मांतर झालं, आणि कार्ल लुडविगने प्रॉटेस्टंट जगासमोर आव आणला की हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. पुढे तिने स्वतःला राज्यासाठी बळी दिलेलं कोकरू म्हटलं आहे. मला हा शब्द जड वाटत नाही. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

या धर्मांतराची खरी किंमत तीस वर्षांनी कळली. १७०१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने ठरवलं की यापुढे गादी प्रॉटेस्टंट वारसाकडेच जाईल, आणि म्हणून वारस नेमली झोफी आत्या. पण वंशावळ पाहिली तर झोफीच्या आधी तिच्या थोरल्या भावाची मुलगी येते, म्हणजे लिझेलोट. ती प्रॉटेस्टंट राहिली असती तर नंबर तिचा होता. १७१४ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला तो तिचा आतेभाऊ, पहिला जॉर्ज.

सासरची पहिली काही वर्षं बरी गेली. नवऱ्याला बायकांमध्ये रस नव्हता. त्याचं मन शव्हालिए द लोरेन आणि इतर मर्जीतल्या तरुणांत. तरीही दोघांत सुरुवातीला एक समजूतदारपणा होता. तीन मुलं झाली. थोरला तीन वर्षांचाही न होता गेला, दुसरा फिलिप, आणि १६७६ मध्ये मुलगी. त्यानंतर दोघांनी खुशीने वेगळं निजायचं ठरवलं, आणि तिने ते काही कुढत स्वीकारलं नाही. हेन्रिएटाच्या दोन लहान मुलींनाही तिने आईची माया दिली. एक पुढे स्पेनची राणी झाली, दुसरी सव्हॉयची डचेस, आणि त्यांनाही पत्रं जातच राहिली. थोरल्या दिराशी, म्हणजे खुद्द लुईशी, तिचं छान जमलं. ती तासन्‌तास घोड्यावर बसून शिकार करायची, तोंडावर खरं बोलायची, आणि सगळे वाकून बोलतात अशा दरबारात राजाला त्याचं अप्रूप वाटायचं. थंडीत ती गळ्याभोवती जुना केसाळ पट्टा गुंडाळायची. आधी बायका हसल्या, मग राजाला आवडतंय म्हटल्यावर सगळ्यांनी तसाच घेतला. त्या वस्त्राला फ्रेंचमध्ये आजही ‘पालातीन’ म्हणतात, म्हणजे फाल्त्सवाली.

मग फासे उलटे पडले. नवऱ्याच्या मर्जीतल्या मंडळींनी तिच्याविरुद्ध कान भरले, तिच्या विश्वासातली सखी दूर केली गेली. १६८२ मध्ये तिने राजाकडे मोबुइसोंच्या मठात जाऊन राहायची परवानगी मागितली. तिथली मठाधिपती हीसुद्धा तिची आत्याच, लुइझे होलांडिने, उत्तम चित्रकार. राजाने नाही म्हटलं. राजघराण्यातली सून मठात गेली तर बोभाटा होईल. त्यातच राजाच्या आयुष्यात मादाम द मँतनों आल्या. आधी राजाच्या अनौरस मुलांना सांभाळणाऱ्या, मग गुपचूप लग्नाची बायको. लिझेलोटला त्या मुळीच सहन होत नसत.

आता हायडेलबर्ग. तिच्या लग्नाच्या करारात तिने फाल्त्सच्या राज्यावरचा हक्क सोडलेला होता. १६८५ मध्ये तिचा सख्खा भाऊ कार्ल मूलबाळ न होता वारला आणि गादी दूरच्या कॅथलिक शाखेकडे गेली. लुईच्या वकिलांनी खुसपट काढलं: राज्य सोडलं असेल, पण घराण्याच्या खाजगी मालमत्तेवरचा तिचा हक्क शिल्लक आहे. आणि त्या खाजगी मालमत्तेत त्यांनी थेट गावं आणि जमिनी मोजल्या. मागणी वहिनीच्या नावाने, हेतू राज्य वाढवण्याचा. वहिनीचं मत कुणी घेतलं नाही. १६८८ च्या शरदात फ्रेंच सैन्य ऱ्हाइन ओलांडून आलं. सेनापती म्हणून निघालेला युवराज हा तिचा पुतण्या. आपण तिच्यासाठीच लढायला जातोय असं त्याला वाटत होतं. तिने त्याला सांगितलं की माझ्या नावाने माझा गरीब देश उद्ध्वस्त झालेला पाहून मला फक्त दुःख होईल.

पुढच्या वर्षी समोर जर्मन राजांची मोठी फळी उभी राहिली. तेव्हा लुईच्या युद्धमंत्र्याने, लुव्हुआने, ठरवलं की मागे हटताना ऱ्हाइनकाठचा मुलूख असा करून सोडायचा, की शत्रूच्या सैन्याला ना दाणा मिळेल ना छप्पर. मार्च १६८९ मध्ये हायडेलबर्गच्या किल्ल्याला आग लावली, बुरूज उडवले. तिच्या वडिलांनी पुन्हा वसवलेलं आखीवरेखीव मानहाइम घर-घर करून पाडलं. मे अखेरीस श्पायर आणि वोर्म्स पेटले; श्पायरच्या चर्चमधल्या जुन्या सम्राटांच्या कबरी सैनिकांनी उकरल्या. १६९३ मध्ये फ्रेंच पुन्हा आले आणि हायडेलबर्गचं उरलंसुरलं संपवलं. त्या विजयाबद्दल पॅरिसमध्ये देवाचे आभार मानणारी प्रार्थना गायली गेली, आणि ‘हायडेलबर्ग नष्ट झालं’ असं लॅटिनमध्ये कोरलेलं पदक पाडलं. ज्या बाईच्या नावाने हे झालं तिला पदकं आणि जुनी नाणी जमवण्याचा नाद होता. फाल्त्समध्ये लोक पुढे पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्याचं नाव मेलाक ठेवायचे, ही जाळपोळ करणाऱ्या फ्रेंच सेनानीची आठवण म्हणून.

२० मार्च १६८९ ला तिने आत्याला लिहिलेलं पत्र हे या सगळ्याचं केंद्र आहे. वर्गात मी ते दरवर्षी वाचून घेते. ती म्हणते: माझा जीव घेतला तरी मी रडायची थांबणार नाही, कारण माझ्या देशाच्या नाशाला जणू मीच कारण झाले. जरा डोळा लागला की मी हायडेलबर्गला किंवा मानहाइमला असते, सगळी पडझड समोर दिसते, मग दचकून जागी होते आणि दोन तास झोप येत नाही. तिथे माझ्या वेळी सगळं कसं होतं आणि आता कसं आहे, हे आठवत राहतं. आणि सर्वांत जास्त काय टोचतं, तर त्या गरीब लोकांना देशोधडीला लावण्यासाठी माझं नाव वापरलं.

रात्री व्हर्सायमध्ये ती हे लिहीत होती, आणि दिवसा तिने रडू नये अशी अपेक्षा होती. राजाला तिचं रडणं आवडत नव्हतं. तरी ती रडली, आणि ते लपवलं नाही. वाटाड्याच्या मायेचं उत्तर मला या पत्रात सापडतं. फाल्त्सच्या लोकांनी हे पत्र वाचलं तेव्हा त्यांना कळलं की जिच्या नावाने आपली घरं जाळली, ती रात्री आपल्याच गल्लीत यायची.

मुलाच्या लग्नाची गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. १६९२ मध्ये राजाने आपल्या अनौरस मुलीचं लग्न तिच्या मुलाशी, फिलिपशी, ठरवलं. मुलगा नाही म्हणू शकला नाही. दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे आईच्या हाताचं चुंबन घ्यायला वाकला आणि तिने सगळ्या दरबारादेखत त्याच्या थोबाडीत मारली. गोष्ट सगळीकडे छापली जाते. पण ती तिच्या पत्रांतली नाही. ती सांगितली सँ-सिमों या दरबाऱ्याने. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि आठवणी त्याने अनेक दशकांनी लिहून काढल्या. मला गोष्ट खरी वाटते, तिच्या स्वभावाला धरून आहे. पण विद्यार्थ्यांना मी बजावते की कुठली गोष्ट तिची आणि कुठली तिच्याबद्दलची, हे वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. अनौरस मुलांबद्दल तिचा स्वतःचा शब्द मात्र पत्रांत आहे: मिऱ्यांत मिसळलेल्या उंदराच्या लेंड्या.

जून १७०१ मध्ये नवरा अचानक वारला. त्यानंतरच्या काही आठवड्यांतल्या दोन घटना मी शेजारी-शेजारी ठेवते. पहिली: मँतनोंशी समेट करायची वेळ आली, कारण विधवेला मठात पाठवतील अशी भीती होती. भेटीत लिझेलोटने भोळेपणाने विचारलं, माझ्यावर राग कशाचा? मँतनोंने एक कागद पुढे केला. तिनेच आत्याला लिहिलेलं, टपालात फोडलेलं पत्र, त्यात मँतनोंबद्दल लिहिलेलं सगळं. तिला रडू फुटलं, तिने माफी मागितली. दुसरी: नवऱ्याच्या पेट्यांमध्ये त्याच्या मर्जीतल्या तरुणांची पत्रं सापडली. तीस वर्षं तिला छळणारी माणसं ती. तिने ती सगळी पत्रं न वाचता जाळून टाकली, दुसऱ्या कुणाच्या हाती पडून त्याची बेअब्रू होऊ नये म्हणून. आणि लिहिलं की परलोकात इथलं काही कळत असेल, तर मस्यू माझ्यावर खूश असतील. स्वतःचं पत्र दुसऱ्याने वाचलं तर काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

आता पत्रांच्या आकड्याबद्दल. साठ हजार हा अंदाज आहे. लग्नापासून मृत्यूपर्यंत ५१ वर्षं, म्हणजे सुमारे साडेअठरा हजार दिवस. दिवसाला तीनहून थोडी जास्त पत्रं पडतात. ऐकायला अशक्य वाटतं, पण तिचा दिवसच तसा होता. आत्याला आठवड्यातून दोनदा ठरलेलं पत्र, लोरेनला दिलेल्या मुलीला, सावत्र बहिणींना, सावत्र मुलींना, पुढे तत्त्वज्ञ लाइबनिझलाही. वीस-वीस पानी पत्रं. कुत्री पायाशी, माणसं येतायत-जातायत, आणि ही लिहितेच आहे. आज हाती आहेत पाच-सहा हजार, म्हणजे ढोबळमानाने दहावा हिस्सा. लिहिलेल्या एकूण पत्रांपैकी अंदाजे दोन तृतीयांश जर्मनमध्ये, बाकी फ्रेंचमध्ये. तिला आलेली उत्तरं बहुतेक नाहीशी झाली. त्यामुळे आपल्याला संभाषणाची एकच बाजू ऐकू येते.

टपाल फोडलं जातं हे ती जाणून होती. फ्रेंच सरकारचं एक खातंच त्यासाठी होतं, आणि तिची जर्मन पत्रं तिथे उतरवून भाषांतरित होत. म्हणून खरोखर नाजूक मजकूर ती ओळखीच्या प्रवाशाच्या हाती पाठवायची. कधी मात्र ती मुद्दाम टपालानेच लिहायची, मंत्र्यांना कळावं म्हणून. पत्र वाचताना हे आधी विचारावं लागतं: हे कुणाच्या हाती गेलं? तारखेइतकंच ते महत्त्वाचं आहे.

आणि तिची जर्मन! व्याकरणाची पुस्तकं घेऊन बसलात तर पदोपदी अडखळाल. ‘उंड’च्या शेवटी एक ‘ट’ जास्तीचा, कुठे अक्षरं दुप्पट, मधूनच अख्खं फ्रेंच वाक्य. मोठ्याने वाचलं की सगळं सरळ होतं, कारण ती कानाने लिहायची. हायडेलबर्गच्या स्वयंपाकघरातली, तबेल्यातली भाषा. पन्नास वर्षं फ्रेंच दरबारात राहून ती तिने बिघडू दिली नाही. जर्मन बायबलचं वाचनही सोडलं नाही. कोबीचं लोणचं, बिअरचं सूप, सॉसेज यांसाठी ती आसुसायची. चहा तिला वाळलेल्या गवतासारखा लागायचा, कॉफी काजळीसारखी, चॉकलेट फार गोड.

भाषांतर करताना दोन जागी मी वर्षानुवर्षं अडकले. आत्याला ती ‘ए. एल.’ असं लिहिते, ‘ऑयर लिबडन’चं संक्षिप्त रूप, राजघराण्यातल्यांनी एकमेकांना वापरायचा आदराचा शब्द. मराठीत ‘आपण’ घातलं की आत्या दूर जाते, ‘तू’ घातलं की आदर जातो. शेवटी मी ‘आत्याबाई, तुम्ही’ यावर स्थिरावले, कारण आमच्या घरात आत्याला अहो-जाहो करत, आणि त्यात दुरावा कधी वाटला नाही. सावत्र बहिणीला ती सुरुवात करते त्याचं मी ‘जिवाच्या लाडक्या लुइझे’ केलं. दुसरी अडचण शिव्यांची. मँतनोंना ती ‘हुत्सेल’ म्हणते. दक्षिण जर्मनीत वाळवलेल्या पेअरला हुत्सेल म्हणतात, काळपट, सुरकुतलेलं. आपल्याकडे वाळवलेलं पेअर कुणाच्या डोळ्यासमोर येणार नाही. मी ‘सुकलेली खारीक’ लिहिलं. चव बदलते, सुरकुत्या राहतात.

यावरून एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. मँतनोंबद्दलचा तिचा राग हा निम्मा खानदानाचा गर्व आहे. गरीब घरातून आलेली, एका कवीची विधवा, आपल्या वरचढ ठरते, हे तिला पचलं नाही. तिने मँतनोंवर टाकलेले आरोप पुराव्याशिवाय कधीही खरे धरू नका. कुणी अचानक वारलं की तिला विषाचा वास यायचा. स्वतः पाहिलेलं सांगते तेव्हा ती अतिशय भरवशाची साक्षीदार आहे: कोण कुठे बसलं, कुणी काय खाल्लं, कुणाच्या अंगावर कुठलं कापड होतं. ऐकीव सांगते तेव्हा ती दरबारातल्या इतरांसारखीच. स्वतःलाही तिने सोडलं नाही. आपण फाशासारख्या चौकोनी आहोत, असं तिने चाळिशी उलटल्यावर लिहून ठेवलं आहे. १७१३ मध्ये रिगोने काढलेलं तिचं तैलचित्र पाहा, एर्मिन या पांढऱ्या राजेशाही फरचं अस्तर, लिलीची फुलं, आणि मधोमध एक शांत, थोराड, हुशार चेहरा. ते हुबेहूब आहे म्हणून तिला फार आवडलं.

वैद्यांवर तिचा विश्वास नव्हता, आणि त्या काळच्या पॅरिसमध्ये हे शहाणपणाचं होतं. १६९३ मध्ये देवी आल्या तेव्हा तिने रक्त काढू दिलं नाही, खिडक्या बंद करू दिल्या नाहीत, आणि जगली. धर्मावरही तिचं मत स्वतंत्र. फ्रेंच प्रॉटेस्टंटांचे हक्क लुईने १६८५ मध्ये रद्द केले, माणसांना गलबतांवर वल्ही मारायला पाठवलं. त्याचा तिला आलेला संताप पत्रांत ठिकठिकाणी आहे.

१७१४ च्या जूनमध्ये झोफी आत्या गेली. पुढच्या वर्षी लुई. पाच वर्षांचा पंधरावा लुई गादीवर आला आणि कारभार तिच्या मुलाकडे, रीजंट म्हणून. ज्या दरबारात तिचा अपमान झाला, तिथे ती आता पहिल्या क्रमांकाची स्त्री होती. पण पत्रांचा सूर विजयाचा नाही. आता बरीच पत्रं बहीण लुइझेला जातात, आणि त्यांत जुन्या हायडेलबर्गच्या रस्त्यांची, जत्रांची, माणसांची चौकशी असते. ऑक्टोबर १७२२ मध्ये ती आजारी शरीराने राज्याभिषेकासाठी रँसला गेली, लोरेनहून येणाऱ्या मुलीची भेट होईल म्हणून. ८ डिसेंबरला सँ-क्लूला ती वारली. मुलाच्या कारभारावर चिडलेल्या कुणीतरी तिच्यासाठी थडग्यावरची ओळ रचली: ‘इथे आळस निजला आहे’, कारण आळस ही सर्व दुर्गुणांची आई. टोमणा मुलाला होता, तिच्या माथी अकारण आला.

कीर्ती त्यानंतरची. १७८८ मध्ये पत्रांचे उतारे फ्रेंचमध्ये छापले गेले. राज्यक्रांतीच्या तोंडावर दरबार किती किडला आहे याचा पुरावा म्हणून ते लोकांनी वाचले. १७९३ मध्ये सँ-देनीच्या राजघराण्याच्या कबरी उकरल्या गेल्या, त्यात तीही होती. त्याच वर्षी तिची पणती मारी आंत्वानेत गिलोटिनवर गेली आणि तीन आठवड्यांनी खापरपणतू फिलिप एगालितेही, ज्याने स्वतः राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिलं होतं. एकोणिसाव्या शतकात जर्मन संशोधकांनी पत्रांच्या मूळ जर्मन प्रती छापल्या. सावत्र बहिणींना लिहिलेल्या पत्रांची मोठी आवृत्ती १८६७ ते १८८१ या काळात आली. मधेच फ्रान्स आणि जर्मनीतलं १८७० चं युद्ध. मग तिला ‘फ्रेंचांच्या गुहेतली अस्सल जर्मन स्त्री’ असं बनवलं गेलं.

हे रूप मला मान्य नाही, आणि हे मी ठामपणे सांगते. तिला मोलिएरची नाटकं प्रिय होती. धर्मगुरू नाटकं बंद करायला निघाले तेव्हा ती चिडली. लुईवर तिचा जीव होता, तो गेला तेव्हा ती मनापासून रडली. एकाच पत्रात ती फ्रेंच राजावर माया करते आणि फ्रेंच सैन्याने जाळलेल्या गावासाठी रडते. त्यातलं एक काढून दुसरं ठेवलं, तर जे उरतं ते तिचं नसतं.

वाचायला सुरुवात करायची असेल तर १७१५ नंतरची, लुइझेला लिहिलेली पत्रं आधी घ्या. ती सुटी आणि मोकळी आहेत. नंतर मागे जाऊन १६८९. आणि हायडेलबर्गला पुन्हा जाल तेव्हा बागेकडच्या बाजूला दोन गोष्टी बघा. एक छोटं दगडी दार आहे, ते १६१५ मध्ये तिच्या आजोबांनी इंग्लंडहून लग्न करून आणलेल्या तिच्या आजीसाठी, एलिझाबेथ स्टुअर्टसाठी, बांधलं. तीही परदेशी दिलेलीच मुलगी. आणि पुढे कोपऱ्यावर फुटका बुरूज. १६९३ च्या सुरुंगाने त्याची जाडजूड भिंत चुरा न होता अखंडच्या अखंड सुटून खंदकात कलली, ती अजून तशीच पडली आहे. आतले मजले उघडे दिसतात. तिथे उभं राहून मार्च १६८९ चं पत्र मोठ्याने वाचा, जर्मनमध्येच.